भृगू तळ्यापर्यंत पोचायला मला सात महिने लागले

फेब्रुवारी 2024 मध्ये धाकट्या नणंदेचा ऐरोलीहून फोन आला. "वहिनी, मे महिन्यात मनाली. पण पॉइंट बघत हिंडायचं नाही हं, चालायचं." ती एक्केचाळीस वर्षांची, रोज पहाटे पाम बीच रोडला पळणारी. मी एकोणपन्नास, दिवसभर खुर्चीत बसून व्हाउचर तपासणारी. मनाली मी एकदा पाहिली होती, 2009 साली, टूरबरोबर. त्यातलं आठवतं ते एवढंच: रोहतांगच्या रस्त्यावर साडेचार तास अडकलेली गाडी, भाड्याचा ओलसर फरचा कोट आणि याकवर बसून काढलेला, डोळे मिटलेला फोटो. म्हणून हो म्हटलं. भृगू तळ्याचा चार दिवसांचा ट्रेक मधे आणि आगेमागे मनालीत मुक्काम, असा बेत ठरला.

तळं साधारण 4,235 मीटरवर आहे. आमच्या कुटुंबातली आजवरची सर्वांत उंच मजल म्हणजे कळसूबाई, 1,646 मीटर. मनालीचा बाजारच 2,050 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही चारशे मीटर वर तिथले लोक भाजी घेतात. हे गणित मला पैसे भरून झाल्यावर कळलं.

10 मार्चला नोंदणी केली. 18 मेची तुकडी, माणशी 9,500 अधिक जीएसटी, एकूण 9,975 रुपये. पाठोपाठ मेलवर तीन पानी वैद्यकीय फॉर्म आला. वजन, उंची, रक्तदाब, नाडी, दमा आहे का, फिट येतात का, आणि खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. मी तो पंधरा दिवस फाइलमध्ये ठेवला. फॅमिली डॉक्टर वीस वर्षांचे ओळखीचे, सही काय, येता-जाता होईल असं वाटत होतं.

6 एप्रिलला गेले. पाडवा तीन दिवसांवर होता, डोक्यात श्रीखंडाचा चक्का होता. डॉक्टर म्हणाले, "सही करतो, पण आधी पट्टा लावू." आकडा आला 154/98. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, 150/96. मी म्हटलं, जिना चढून आलेय. ते म्हणाले, "क्लिनिक तळमजल्यावर आहे."

मला कधी डोकेदुखी नाही, चक्कर नाही. किती वर्षं हा दाब असा होता, कुणास ठाऊक. तो फॉर्म आला नसता तर अजून किती वर्षं कळलं नसतं, हेही ठाऊक नाही. त्या दिवशी मात्र मला फक्त राग आला, डॉक्टरांचाच. घरी आले आणि कुणाशी न बोलता चक्का फेटत बसले.

पुढचे दोन आठवडे तपासण्यांत गेले. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिलवर चालवून केलेली चाचणी, रक्त, किडनीचे आकडे. सगळं मिळून 4,100 रुपये. हृदय ठीक निघालं. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली, लोणचं-पापड बंद झाले आणि मे महिन्याचा ट्रेक रद्द. तसंही 20 मेला ठाण्यात मतदान होतं, नवऱ्याला निवडणुकीची ड्युटी लागली होती आणि सासूबाई घरी एकट्या पडल्या असत्या. मी ही सबब सगळ्यांना सांगत राहिले, कारण ती रक्तदाबापेक्षा सांगायला सोपी होती.

आता पैशांचं. ज्यांच्याकडे नोंदणी केली त्यांनी रोख परत द्यायला नकार दिला. "वैद्यकीय कारण असेल तर पूर्ण परतावा" असं नियमात आहे, हे मी दाखवलं. त्यांनी दाखवलं की त्याच परिच्छेदात पुढे "कूपनच्या स्वरूपात" असं आहे. नऊ मेल झाले. शेवटी एक वर्ष चालणारं कूपन घेतलं. तुम्ही पैसे भरण्याआधी तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. आणि त्याहून महत्त्वाचं, पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडे जा. मी क्रम उलटा केला.

भृगूचा ट्रेक मे-जून आणि मग पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर असा चालतो. आम्ही 26 सप्टेंबरची तुकडी धरली. गणपती 7 तारखेला, अनंत चतुर्दशी 17 ला, म्हणजे सगळं उरकून निघता येणार होतं. अडचण एकच, पितृपक्ष. सासूबाई म्हणाल्या, "पक्ष पंधरवड्यात कुणी देवाच्या डोंगरावर जातं का?" ऑफिसात उलट फायदा झाला. त्या दिवसांत रजा मागणारी मी एकटीच. अर्जित रजेचा अर्ज दुपारी दिला, संध्याकाळी मंजूर.

रेल्वेचं आरक्षण तेव्हा 120 दिवस आधी उघडायचं (नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं). 21 सप्टेंबरचं आरक्षण 24 मेला. सकाळी आठला दोन फोन, एक लॅपटॉप घेऊन बसलो आणि कल्याणहून निझामुद्दीनपर्यंत राजधानीचं थर्ड एसी मिळालं. दिल्लीहून पुढे रात्रीची व्होल्वो. विमानाने भुंतरला उतरता येतं, पण डोंगर हळूहळू वर येताना दिसावेत असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तिकिटही परवडत नव्हतं.

तयारीचं काय केलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न तेच येतात. पहिला महिना फक्त ठाण्यातल्या उपवनच्या तळ्याभोवती चालले, पावणेसहा ते पावणेसात. तिथे रोज चालणाऱ्या एका आजींनी मला पहिल्या आठवड्यात तीनदा मागे टाकलं. दुसऱ्या महिन्यापासून येऊरचा चढ. गेटपर्यंत रस्ता डांबरीच आहे, पण चढ सलग आहे आणि श्वास कसा सांभाळायचा हे तिथे शिकता येतं. मी एक युक्ती धरली होती. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी. नणंद रविवारी ऐरोलीहून यायची, तिला हे फार कंटाळवाणं वाटायचं. ती पुढे पळत जाऊन परत मला घ्यायला यायची.

जूनमध्ये पाऊस लागला. येऊरच्या धबधब्यांकडे पावसाळ्यात बंदी असते आणि पहाटेच्या अंधारात त्या रस्त्यावर एकटीने जायची हिंमतही होत नव्हती. मग इमारतीचे जिने. बारा मजले, पायी वर, उतरताना लिफ्ट (गुडघ्यांसाठी), चार फेऱ्या, मग सहा, मग आठ. पाठीवर सॅक. सॅकेत वजन हवं म्हणून तीन किलो तूरडाळ आणि दोन किलो तांदूळ, दुहेरी पिशवीत बांधून. सासूबाईंनी ते पाहिलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमच्या घरी डाळ शिजवत नाहीत, फिरायला नेतात."

ऑगस्टच्या शेवटी, एका मंगळवारी, बारी गावातून कळसूबाई करून आलो. मुद्दाम आडवार निवडला, शनिवार-रविवारी त्या शिड्यांवर रांग लागते. वर पोचायला चार तास लागले. नवीन बूट (3,400 रुपये) त्या दिवशी टाचेला लागले. ते तिथे लागले हे बरं झालं.

वैद्यकीय प्रमाणपत्र ट्रेकच्या आधीच्या तीस दिवसांतलंच चालतं. त्यामुळे 10 सप्टेंबरला, घरात गणपती असताना, पुन्हा त्याच क्लिनिकमध्ये. 134/86. डॉक्टरांनी शिक्का उचलला, थांबले, पुन्हा एकदा मोजलं आणि मगच सही केली. उंचीवर रक्तदाब थोडा चढतोच, गोळी एकही दिवस चुकवायची नाही, असं बजावलं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स नावाची गोळी ट्रेकवाल्यांच्या तोंडी फार असते. ती घ्यायची की नाही, किती, हे डॉक्टरांनी माझ्या इतर औषधांकडे बघून आणि सल्फाची ॲलर्जी आहे का विचारून ठरवलं. मैत्रिणीने घेतली म्हणून तुम्ही घेऊ नका. विमाही काढला, पण त्याची बारीक अक्षरं वाचा. काही पॉलिसींत ठराविक उंचीच्या वरचं काहीच धरत नाहीत. मी पहिली पॉलिसी त्याच कारणाने सोडली.

21 ला कल्याण, 22 ला दिल्ली, 23 ला सकाळी मनाली. व्होल्वोतली रात्र वाईट गेली. मंडीच्या पुढे वळणं सुरू झाली आणि नणंदेने सकाळपर्यंत काही खाल्लं नाही. जुन्या मनालीत नदीपलीकडे एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली होती, रात्रीचे 1,600. माल रोडच्या गोंगाटापासून वीस मिनिटं चालत. खिडकीतून सफरचंदांची झाडं आणि घरमालकीणबाईंचं वाळत घातलेलं गवत दिसायचं.

ट्रेकच्या आधी तीन रात्री मनालीत हव्यात, हा आमचा हट्ट होता, आणि आता पुन्हा गेले तर चार ठेवीन. समुद्रसपाटीवरून थेट चढायला लागणं शरीराला झेपत नाही. पहिल्या दिवशी फक्त धुंगरीच्या देवदारांतून हिडिंबा मंदिरापर्यंत. लाकूड आणि दगड यांचं हे मंदिर 1553 सालचं आहे. बाहेर सशाबरोबर फोटो काढा म्हणून मागे लागतात, पण मंदिरामागच्या झाडांत शंभर पावलं आत गेलं की कुणी नसतं. एवढ्या चालण्यानेही मला जिने चढल्यासारखी धाप लागली. ठाण्यातले आठ फेऱ्यांचे बारा मजले कुठे गेले, असं वाटलं.

मंगळवारी रोहतांगला जाऊन उंचीची सवय करू असं नणंदेने ठरवलं होतं. टॅक्सीवाला हसला. रोहतांगचा रस्ता मंगळवारी दुरुस्तीसाठी बंद असतो. आणि इतर दिवशी गाडीला परवाना लागतो, दिवसाला 1,200 गाड्या, त्यातल्या 800 पेट्रोलच्या आणि 400 डिझेलच्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर हे सुरू झालं. परवाना ऑनलाइन निघतो, गाडीचा नंबर आणि पीयूसी लागतं, म्हणून बाहेरच्या माणसाने टॅक्सीवाल्यालाच काढायला सांगणं सोपं. आदल्या दिवशी सकाळीच सांगा, संध्याकाळी सांगून उपयोग नाही. आम्ही मग अटल बोगद्यातून सिस्सूला गेलो, त्याला परवाना लागत नाही. 9.02 किलोमीटरचा बोगदा. अलीकडे देवदार आणि धुकं, पलीकडे एकदम उघडे तपकिरी डोंगर आणि चंद्रा नदी. सिस्सू तीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे दोन तास हळूहळू चाललो, थुक्पा खाल्ला, परत आलो. सवय करायला हे रोहतांगपेक्षा बरं, असं माझं मत. 2009 च्या त्या साडेचार तासांचा राग त्यात मिसळलेला असेल.

बुधवारी वशिष्ठ गावातून जोगिनी धबधब्यापर्यंत. ज्यांना ट्रेक नको, वयस्कर सोबत आहेत, त्यांनी हे जरूर करा. वाट सफरचंदांच्या बागांतून जाते, शेवटचा चढ तेवढा जोरदार आहे, आणि नको वाटलं तर खालच्या धारेपाशी बसता येतं. संध्याकाळी ट्रेकवाल्यांच्या कार्यालयात ओळखपत्राच्या झेरॉक्स, मूळ वैद्यकीय प्रमाणपत्र, जबाबदारी आमची आहे असं लिहिलेल्या कागदावर सही. माझ्या प्रमाणपत्रावर "रक्तदाबाचं औषध चालू" असं लिहिलं होतं, ते वाचून त्यांनी मला बाजूला घेतलं. मी इकोचा रिपोर्टही दाखवला. तो बरोबर नेला होता म्हणून पाच मिनिटांत सुटले.

26 ला जीपने गुलाबापर्यंत आणि तिथून पायी. आम्ही चौदा जण, बाकी बहुतेक पंचविशीतले. वाटाड्या तिथल्याच गावचा, मला सगळ्यांसमोर "दीदी, आप मेरे पीछे" म्हणून पुढे घेतलं. आधी कानकोंडं झालं. नंतर कळलं की सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवलं की सगळी रांग त्याच्या वेगाने चालते. पहिला मुक्काम जोंकर थाचला. थाच म्हणजे गवताळ कुरण. सप्टेंबरअखेर गवत पिवळं पडलेलं, आणि गद्दी मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरत होते. तासभर आमच्या तंबूंच्या मधून मेंढ्या जात राहिल्या.

एक बायकांसाठी. माझी पाळी या वयात कधीही येते, ती नेमकी तिथे आली. सोबत नेलेलं सगळं परत खाली आणायचं असतं, म्हणून जुनी वर्तमानपत्रं आणि झिपवाल्या पिशव्या जास्तीच्या ठेवा. संडासचा तंबू असतो, पाणी नसतं. टॉर्च कपाळाला बांधायची घ्या, हात मोकळे राहतात.

27 ला रोलाखोली. झाडं खाली राहिली, नुसते दगड, गवत आणि समोर बर्फाची रांग. वाटाड्याने हनुमान टिब्बा दाखवला. मी बोलता येईल त्याच वेगाने चालत होते, म्हणजे जवळजवळ न चालल्यासारखं. दुपारी अडीचला पोचलो. चारच्या सुमारास नणंदेचं डोकं दुखायला लागलं, साडेपाचला उलटी झाली. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 77. माझा 86 होता. ती रडायला लागली. दुखण्याने नाही, रागाने. "मी पळते रोज, वहिनी. मी दहा किलोमीटर पळते." वाटाड्याने सांगितलं, पळण्याचा आणि याचा संबंध नाही, कुणालाही होतं, आणि औषध एकच, खाली उतरणं. अंधार पडायच्या आत दुसऱ्या सहायकाबरोबर तिला जोंकर थाचला पाठवायचं ठरलं.

मी सॅक भरायला घेतली. तिने माझ्या हातातून ओढून घेतली. "तू आलीस तर जन्मभर ऐकवशील मला. जा." मी रात्रभर जागी होते. वॉकीटॉकीवर नऊला निरोप आला, डोकं थांबलंय, खिचडी खाल्ली. तरी झोप नाही. तंबूच्या बाहेर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी पहाटे दाताला लावता येत नव्हतं इतकं गार.

28 ला पाच वाजता निघालो. त्याआधी रक्तदाब मोजला, 146/90. वाटाड्याने आकडा दोनदा वाचला. "गोली ली?" घेतली होती. "सिर?" नाही. "चलो, पर मैं बोलूँ तो वापस." वर हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण साठ टक्केच असतो, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. मनातल्या मनात मी आमच्या जिन्याचे मजले मोजत होते. सातव्या मजल्यावर जोशी काकूंची चपलांची फळी, नवव्यावर तुळस. मग मजले संपले आणि चढ उरला, तेव्हा पुन्हा तळमजल्यापासून.

तळं सव्वानऊला दिसलं. दिसलं म्हणजे, आधी धुकंच दिसलं. मग एका बाजूने वारा आला आणि हिरवट काळं पाणी थोडं उघडं पडलं. फोटोंत पाहिलं होतं त्यापेक्षा बरंच लहान, ठाण्याच्या मासुंदा तलावाशी तर तुलनाच नको. काठाशी दगड रचलेले. तिथले लोक तळं पवित्र मानतात, भृगू ऋषींनी इथे तप केलं म्हणतात, म्हणून वाटाड्याने बूट लांब काढायला लावले. मोज्यांतून दगडाचा गारठा टाचेपर्यंत आला. मी खाली बसले. कुणीतरी फोटो काढला, त्यात माझ्या मागे फक्त पांढरं आहे. घरच्यांना तो दाखवून तळं कुठे आहे ते समजावून सांगावं लागतं. वीस मिनिटांनी उतरायला सांगितलं, दुपारनंतर हवा बिघडते.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड गेलं. गुडघे. दोन काठ्या भाड्याने घेतल्या होत्या, 300 रुपये, ते या प्रवासातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे. जोंकर थाचला नणंद तंबूबाहेर उन्हात बसून मेंढपाळाच्या कुत्र्याला बिस्किटं चारत होती. पहिला प्रश्न, "कसं होतं?" मी म्हटलं, "धुकं होतं." ती म्हणाली, "बरं झालं," आणि मग दोघी इतक्या हसलो की मला पुन्हा धाप लागली.

30 ला सकाळी वशिष्ठच्या गरम कुंडात. बायकांचं वेगळं, भिंतींनी बंद आहे, पैसे नाहीत, साबण चालत नाही. गावातल्या बाया अंगणात बसल्यासारख्या गप्पा मारत होत्या. एकीने मला खूण करून गुडघे धारेखाली धरायला सांगितलं. मग सिड्डू खाल्ला, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. संध्याकाळची बस. खर्च माणशी साधारण 35 हजार, बूट आणि तपासण्या धरून.

2 ऑक्टोबरला सकाळी कल्याणला उतरून ठाण्याला घरी आले तर सर्वपित्री अमावास्या. घरात वड्यांचा वास, सासूबाई ओट्याशी. मी पाया पडले. त्यांनी माझ्या सोललेल्या नाकाकडे पाहिलं, रक्तदाबाची गोळी घेतली का विचारलं, आणि पदराने हात पुसत दाराआडची माझी जिन्याची सॅक पुढे ओढली. डाळीच्या पिशवीत पोरकिडे झाले होते. "ही आधी निवडून दे," त्या म्हणाल्या. "पानावर वरण वाढायचंय."